राखीव क्लाउडची शिरगणती



ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी या व्याख्यानमालेला जमतो, त्यांनी आयुष्यभर हिशेबशास्त्र शिकवलं आणि कॉलेजातली वार्षिक साठा-तपासणीही सांभाळली. डेडस्टॉक रजिस्टर घेऊन ते प्रत्येक खोलीत जात, टेबलाच्या पायावर रंगवलेला क्रमांक वाचत आणि मगच नोंदीसमोर खूण करत. आधी वस्तू पाहायची, मग नोंद तपासायची, हा त्यांचा क्रम. आज मी ज्या मालमत्तेबद्दल बोलणार आहे तिथे हा क्रम पाळताच येत नाही, कारण ती मालमत्ता कोणत्याही खोलीत नसते. ती असते क्लाउडमधली राखीव संगणनक्षमता. हजारो संस्था तिच्यावर पैसे खर्च करतात, एकेक वर्षाचे, तीन-तीन वर्षांचे करार करतात, आणि आपण नेमकं काय राखून ठेवलं आहे याची पूर्ण यादी त्यांतल्या फार थोड्यांकडे असते. ती यादी सॉफ्टवेअरने स्वतः शोधून कशी काढायची आणि सतत खरी कशी ठेवायची, हे माझं काम आहे आणि हाच आजचा विषय.

क्लाउड म्हणजे काय हे इथे बहुतेकांना ठाऊक आहे, तेव्हा त्यात वेळ घालवत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये ॲमेझॉनने ईसीटू ही सेवा चाचणी स्वरूपात खुली केली. तेव्हा यंत्राचं भाडं तासाला दहा सेंट होतं. हवं तेव्हा यंत्र सुरू करा, काम संपलं की बंद करा, वापरलेल्या तासांचे पैसे द्या, असा साधा व्यवहार होता. पण बँकेचा डेटाबेस किंवा रुग्णालयाची नोंदणी अशी सुरू-बंद होत नाही. वर्षाचे ८,७६० तास ती चालूच असते, आणि तिला सुट्या तासाचा भाव महाग पडतो. म्हणून मार्च २००९ मध्ये ॲमेझॉनने रिझर्व्हड इन्स्टन्स आणले. तुम्ही एक किंवा तीन वर्षांचं वचन द्यायचं, कंपनीने भाव उतरवायचा. ही सवलत आज सुट्या भावाच्या ७२ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. सगळे पैसे आधी, काही आधी किंवा आधी काहीच नाही, असे पैसे भरण्याचे तीन प्रकार डिसेंबर २०१४ पासून आहेत. कंपनीचा यातला लाभही उघड आहे. इमारत, वीज, शीतकरण आणि सर्व्हर यांवरचा खर्च ती आधीच करून बसलेली असते, आणि तीन वर्षांची खात्रीची मागणी हातात असली की पुढची खरेदी तिला नेमकी करता येते.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रिझर्व्हड इन्स्टन्स हे नाव ऐकलं की वाटतं, कुठेतरी एक यंत्र आपल्या नावाची पाटी लावून बाजूला ठेवलेलं आहे. तसं काही नसतं. सप्टेंबर २०१६ पासून जे प्रादेशिक रिझर्व्हड इन्स्टन्स मिळतात, ते निव्वळ बिलातली सवलत असतात. कराराच्या वर्णनात बसणारं एखादं यंत्र त्या तासाला चालू असेल तर बिल बनवणारी यंत्रणा त्याला स्वस्त भाव लावते. चालू नसेल तर तो तास वाया जातो आणि पैसे मात्र द्यावे लागतातच. न वापरलेला तास पुढच्या दिवसासाठी साठवता येत नाही. विशिष्ट झोनसाठी, म्हणजे प्रदेशातल्या एका ठरावीक केंद्रासाठी, घेतलेल्या रिझर्व्हड इन्स्टन्समध्ये जागाही राखली जाते, पण तिथेही तुमच्या नावाचा सर्व्हर असा वेगळा काढलेला नसतो. थोडक्यात, आपण विकत घेतलेला असतो एक करार.

संगणकांची मोजदाद करण्याची आपली सगळी जुनी साधनं यंत्र दिसतं, प्रतिसाद देतं, या गृहीतावर बांधलेली आहेत. डेडस्टॉक रजिस्टरनंतर नेटवर्क आलं, तेव्हा क्रमांक वाचण्याऐवजी हाक मारायची पद्धत आली. १९८३ च्या डिसेंबरात माइक मूस यांनी अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत पिंग लिहिलं. १९८८ मध्ये एसएनएमपीचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला आणि यंत्राला ‘तू कोण, तुझ्यात काय आहे’ असं विचारता येऊ लागलं. पुढे डिस्कव्हरीची मोठी सॉफ्टवेअर्स आली. आयपी पत्त्यांचा एक पट्टा द्या, सॉफ्टवेअर एकेका पत्त्यावर हाक मारतं, उत्तर आलं की आत शिरून प्रोसेसर, मेमरी आणि चालू प्रोग्राम नोंदवतं आणि सगळं एका डेटाबेसात जोडून ठेवतं. या क्षेत्रात पुण्यात गेल्या दोन दशकांत पुष्कळ काम झालं आहे आणि आपली कितीतरी मुलंमुली त्यावर घडली आहेत. पण रिझर्व्हड इन्स्टन्सला आयपी पत्ता नसतो. त्याला हाक मारली तर ओ येत नाही. नेटवर्क कितीही बारकाईने चाळलं तरी तिथे करार सापडणार नाही.

करार सापडतो तो विक्रेत्याच्या दप्तरात, आणि ते दप्तर उघडण्याची वाट म्हणजे एपीआय. ईसीटूपुरतं सांगायचं तर एक विनंती पाठवली की त्या अकाउंटने घेतलेले रिझर्व्हड इन्स्टन्स उत्तरात येतात. काही ओळींचा प्रोग्राम लिहून कोणीही ती पाठवू शकतो. मग अडचण काय? अडचण ‘त्या अकाउंटने’ या दोन शब्दांत आहे, आणि तिथून ती वाढतच जाते.

मोठ्या संस्थेचं एक अकाउंट नसतं. विकासाचं वेगळं, चाचणीचं वेगळं, प्रत्यक्ष सेवेचं वेगळं, प्रत्येक विभागाचं आपापलं, अशी दहा-वीस किंवा शेकडो अकाउंट असतात. प्रत्येकाला वेगळं विचारावं लागतं. त्यासाठी शोधणाऱ्या प्रोग्रामला प्रत्येक अकाउंटमध्ये फक्त वाचण्यापुरती परवानगी असलेली एक भूमिका द्यावी लागते. नवं अकाउंट उघडणाऱ्याने ती भूमिका दिली नाही तर ते अकाउंट यादीत रिकामं दिसतं, आणि रिकामं दिसणं व विचारताच न येणं यांतला फरक अहवाल वाचणाऱ्याला कळत नाही. चांगल्या इन्व्हेंटरीची माझी पहिली कसोटी हीच आहे. जिथे पोचता आलं नाही तिथे तिने शून्य लिहू नये, ‘पोचता आलं नाही’ असंच लिहावं.

मग रीजन, म्हणजे विक्रेत्याच्या केंद्रांचा एकेक प्रदेश. मुंबईत विचारलेल्या प्रश्नाला सिंगापूरमधल्या करारांचं उत्तर मिळत नाही, म्हणून प्रत्येक रीजनला वेगळी विनंती जाते. ॲमेझॉनचं मुंबई रीजन जून २०१६ मध्ये सुरू झालं, हैदराबादचं नोव्हेंबर २०२२ मध्ये. आता यातली खोच पाहा. मार्च २०१९ नंतर आलेली रीजन्स मुळात बंद असतात आणि अकाउंटच्या मालकाने ती मुद्दाम चालू करावी लागतात. म्हणजे ज्या प्रोग्राममध्ये रीजन्सची यादी कोणीतरी २०२१ मध्ये हाताने लिहून ठेवली असेल, त्याला हैदराबाद माहीतच नाही. तिथे घेतलेली यंत्रं आणि करार त्याच्या जगात अस्तित्वातच नाहीत, आणि तो रोज रात्री न चुकता ‘तपासणी पूर्ण’ असा शेरा देतो. म्हणून प्रोग्रामने आधी ‘या अकाउंटला कोणती रीजन्स चालू आहेत’ हे विचारायचं आणि उत्तर येईल तेवढ्या ठिकाणी जायचं. प्रश्नांची यादीसुद्धा शोधूनच काढायची असते.

शिवाय राखीव घेता येतं ते केवळ साध्या यंत्रापुरतं नाही. ॲमेझॉनच्याच आरडीएसचे डेटाबेस, इलास्टीकॅशचे नोड, रेडशिफ्टचे नोड, ओपनसर्चची यंत्रं यांचेही करार असतात. प्रत्येक सेवेचं दप्तर निराळं, विनंती निराळी, उत्तरातल्या रकान्यांची नावं निराळी. एके ठिकाणी उत्तर एकदम येतं, दुसरीकडे पानापानाने येतं आणि पुढच्या पानाची खूण जपून परत मागावी लागते. फार वेगाने विचारलं तर सेवा विनंत्या परतवून लावते आणि थांबून पुन्हा विचारावं लागतं. हे सगळं करणारा प्रोग्राम अवघड नसतो, पण तो चिवट असावा लागतो.

एका तपशिलाने मात्र अनुभवी माणसंही चकतात. बराच काळ ॲमेझॉन झोनची नावं अकाउंटगणिक बदलून लावत आली. एका अकाउंटमधला ‘ए’ झोन आणि शेजारच्या अकाउंटमधला ‘ए’ झोन या दोन वेगळ्या इमारती असू शकत. सगळ्यांनी पहिलं नाव निवडून एकाच ठिकाणी गर्दी करू नये म्हणून ती योजना होती. परिणाम असा की दोन अकाउंटच्या याद्या एकत्र केल्या आणि झोनचं नाव पाहून जोड्या लावल्या, तर नाव जुळतं आणि जागा जुळत नाही. २०१८ मध्ये झोनला कायमचे ओळखक्रमांक मिळाले. ज्यांनी आपल्या इन्व्हेंटरीत नावाऐवजी हा क्रमांक घेतला त्यांचा प्रश्न सुटला.

इथवर करारांची यादी झाली. ती अर्धी मोजदाद आहे. उरलेला अर्धा भाग समजावून सांगायला मला आपल्या महसूल खात्याच्या एका कागदाचा आधार घ्यावासा वाटतो.

सातबारा उतारा दोन नमुने मिळून होतो. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक, म्हणजे जमिनीवर कोणाचा कसला हक्क आहे याची नोंद. गाव नमुना बारा ही पिकांची नोंद, म्हणजे त्या जमिनीत प्रत्यक्षात काय उभं आहे. या दोन नोंदी एका उताऱ्यावर आणणाऱ्यांची दृष्टी मोठी होती. हक्क बारमाही टिकतो, पीक हंगामागणिक बदलतं. म्हणून पाहणी पुनःपुन्हा करावी लागते, आणि २०२१ च्या ऑगस्टपासून ई-पीक पाहणीत शेतकरी ती स्वतः मोबाइलवरून नोंदवतो. हक्कात बदल झाला तर तो फेरफार नोंदवहीत आधी चढतो, त्याला क्रमांक मिळतो आणि मग तो सातवर येतो. राखीव क्लाउडच्या इन्व्हेंटरीला हेच तिन्ही लागतं. करारांची यादी हा तिचा सात. कोणती यंत्रं या क्षणी चालू आहेत, ही यादी तिचा बारा. आणि कराराला फेरफारही असतात. रिझर्व्हड इन्स्टन्सचा आकार किंवा झोन बदलून घेतला की जुना क्रमांक ‘निवृत्त’ होतो आणि नवा क्रमांक जन्माला येतो, संपण्याची तारीख मात्र तीच राहते. हा धागा जपला नाही तर यादीत एक करार अवेळी संपलेला आणि दुसरा कुठूनसा उगवलेला दिसतो, आणि हिशेब तपासणारा हैराण होतो.

सात आणि बारा जोडल्याशिवाय आकडे कसे फसवतात ते पाहा. समजा, एका संस्थेने दहा यंत्रांचे करार घेतले आणि चालू आहेत आठ. म्हणजे कराराचा वापर ८० टक्के, आणि चालू यंत्रांपैकी कराराखाली आलेली १०० टक्के. दुसऱ्या संस्थेकडे करार दहा आणि चालू यंत्रं वीस. तिथे वापर १०० टक्के, पण व्याप्ती ५० टक्के. पहिली पैसे वाया घालवते, दुसरी सवलत हातची सोडते, आणि दोघींचं औषध उलट आहे. आता तिसरी संस्था घ्या. करार दहा, यंत्रंही दहा. बेरीज पाहून सगळे समाधानी. पण करार मुंबईचे आणि यंत्रं हैदराबादची, किंवा करार लिनक्सचे आणि यंत्रं विंडोजची. वापर शून्य, व्याप्ती शून्य, आणि दर तासाला दुहेरी खर्च. नुसती संख्या मोजणारी कोणतीही यादी हे पकडू शकत नाही. रीजन, यंत्राचा प्रकार, ऑपरेटिंग सिस्टिम, यंत्र सामायिक आहे की समर्पित, आणि झोनचा करार असेल तर झोन, हे सगळं दोन्ही बाजूंना जुळलं तरच जोडी लागते.

आकाराचाही एक नियम आहे. मार्च २०१७ पासून लिनक्सवरच्या, प्रादेशिक, सामायिक यंत्रांच्या करारात एकाच कुटुंबातल्या लहानमोठ्या आकारांना सवलत वाटून लावता येते. प्रत्येक आकाराला एक वजन दिलेलं आहे. स्मॉल एक, मीडियम दोन, लार्ज चार, एक्स्ट्रा लार्ज आठ, याप्रमाणे. एका एक्स्ट्रा लार्जचा करार दोन लार्जना पुरतो. म्हणून इन्व्हेंटरीने यंत्रं मोजायच्या ऐवजी वजन मोजायला हवं. त्यात आणखी एक वळण असं की एका संस्थेच्या सगळ्या अकाउंटचं बिल एकत्र होत असेल तर एका अकाउंटने घेतलेला करार दुसऱ्याच्या यंत्राला लागू शकतो. घेणारा एक, लाभ दुसऱ्याला. खरा लाभ कोणाला झाला हे फक्त तपशीलवार बिलात, ओळीओळीला लिहिलेल्या कराराच्या क्रमांकावरून कळतं. म्हणून करारांची यादी, चालू यंत्रांची यादी आणि बिल या तीन साक्षी एकमेकांसमोर उभ्या केल्याशिवाय मी कुठल्याही अहवालावर विश्वास ठेवत नाही.

चालू यंत्रांची यादी तर फारच चंचल. कायमचं काढून टाकलेलं यंत्र एपीआयच्या उत्तरातून थोड्याच वेळात नाहीसं होतं, आणि काल रात्री काय चालू होतं हे आज सकाळी विचारून सांगता येत नाही. नेटफ्लिक्समधल्या अभियंत्यांना ही उणीव जाणवली आणि त्यांनी २०१२ मध्ये एडा नावाचं साधन सर्वांसाठी खुलं केलं. ते क्लाउडला सतत विचारत राही आणि आलेलं प्रत्येक उत्तर वेळेसकट जपून ठेवी. पुढच्याच वर्षी त्यांनी आइस हे दुसरं साधन खुलं केलं, ते बिल आणि रिझर्व्हड इन्स्टन्सचा वापर दाखवत असे. दोन्ही आज मागे पडली आहेत, तरी या क्षेत्राचा पाया तिथे आहे असं मी मानतो. क्लाउडला स्वतःचा भूतकाळ आठवत नाही, तो आपणच लिहून ठेवायचा, ही गोष्ट त्या मंडळींनी कृतीने दाखवली.

दुसऱ्या विक्रेत्यांबद्दल थोडक्यात बोलतो. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअरची भारतातली पहिली केंद्रं २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे आली, आणि यंत्रं राखून घेण्याची सोय २०१७ च्या नोव्हेंबरात. तिथे करार कामाच्या सबस्क्रिप्शनखाली, म्हणजे तिथल्या अकाउंटखाली, राहत नाही, तो वरच्या पातळीवर, स्वतःच्या परवानगीसकट राहतो. सबस्क्रिप्शनमधलं सगळं वाचण्याचा अधिकार असलेल्या प्रोग्रामलाही करार दिसत नाहीत, त्यासाठी वेगळी भूमिका मागावी लागते. गुगलकडे २०१७ पासून वचनाच्या बदल्यात सवलत आहे, पण तिथे वचन सुरुवातीला प्रोसेसर आणि मेमरीच्या मात्रेत दिलं जाई. आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये ॲमेझॉनने सेव्हिंग्ज प्लॅन आणले, त्यात यंत्राचाही उल्लेख गळून पडू शकतो. ‘तासाला इतके डॉलर खर्च करीन’ एवढंच वचन. म्हणजे नोंदवायची गोष्ट आणखीच निराकार झाली.

आता राखीव या शब्दाखाली येणाऱ्या दुसऱ्या व्यवहाराकडे वळू या. आतापर्यंत मी भाव राखण्याबद्दल बोललो. जागा राखण्याचा व्यवहार निराळा. ऑक्टोबर २०१८ पासून ॲमेझॉनकडे वर्षांचं वचन न देताही क्षमता राखता येते. ठरावीक झोनमध्ये ठरावीक प्रकारची इतकी यंत्रं आम्हाला केव्हाही मिळाली पाहिजेत, असं सांगायचं. ती चालवा किंवा न चालवा, भाडं पूर्ण. परीक्षेच्या निकालाचा दिवस, मोठी विक्री किंवा दुसऱ्या केंद्रात आपत्तीसाठी ठेवलेली तयारी यांसाठी ही सोय मोलाची आहे. पण निकाल लागून महिने झाले तरी राखलेली क्षमता तशीच पडून राहते, कारण ती सोडून देणं हे कोणाच्याच कामाच्या यादीत नसतं. डिस्कव्हरीच्या दृष्टीने ही सगळ्यात सोपी सापडणारी गळती आहे. उत्तरात एकूण किती आणि मोकळी किती हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी येतात. रोज एकदा ते पाहिले तरी पुरे.

राखून ठेवलेल्या क्षमतेचा हा प्रश्न एआयला लागणाऱ्या जीपीयूंमुळे एकाएकी मोठा झाला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲमेझॉनने जीपीयू काही दिवसांच्या तुकड्यांत, पुढची तारीख धरून राखायची सोय दिली, कारण मागणी इतकी की सुटे मिळेनासे झाले. आपल्या केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये इंडिया एआय मिशन मंजूर केलं. त्यासाठी १०,३७१.९२ कोटी रुपयांची तरतूद आहे आणि दहा हजारांहून अधिक जीपीयूंची क्षमता संशोधक व नवउद्योगांना उपलब्ध करून देणं हा त्याचा मोठा भाग आहे. सार्वजनिक पैशातून मिळालेलं असं यंत्र कोणाला, किती काळासाठी राखून दिलं आणि त्यातले किती तास प्रत्यक्ष वापरले गेले, याची यंत्राने ठेवलेली नोंद असणं मला अत्यावश्यक वाटतं. एका प्रयोगशाळेने अडवून ठेवलेला तास दुसऱ्या विद्यार्थ्याला मिळत नाही. हा पैशांपेक्षा न्यायाचा प्रश्न आहे.

इन्व्हेंटरीचा सर्वांत मोठा उपयोग कोणता, असं मला कोणी विचारलं तर मी संपण्याच्या तारखांकडे बोट दाखवीन. ॲमेझॉनचा रिझर्व्हड इन्स्टन्स आपोआप पुढे चालू राहत नाही. ठरल्या दिवशी तो संपतो, आणि संपताना काहीही बंद पडत नाही. संकेतस्थळ चालू राहतं, डेटाबेस चालू राहतो, कोणाची तक्रार येत नाही. फक्त त्या तासापासून सुट्या भावाने बिल चढायला लागतं. एका खासगी कंपनीत असं झाल्याचं मी जवळून पाहिलं आहे. करार घेणारा अधिकारी नोकरी सोडून गेला होता, कराराची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात होती, आणि वाढलेलं बिल ‘ग्राहक वाढले असतील’ अशा समजुतीने महिनोन्‌महिने मंजूर होत राहिलं. तिथे कोणी बेजबाबदार नव्हतं. करार त्या कंपनीच्या आठवणीत होता, नोंदीत नव्हता.

उलट बाजूही सांगायला हवी. चुकीचा घेतलेला करार सहज विकून मोकळं होता येतं असा एक समज आहे. ॲमेझॉनने २०१२ मध्ये असे करार विकण्याची बाजारपेठ उघडली हे खरं. पण तिथे विक्रीसाठी अमेरिकेतलं बँक खातं लागतं, आणि ज्यांचं बिल ॲमेझॉनच्या भारतीय कंपनीमार्फत होतं त्यांना तसं खातं असलं तरी विकायची मुभा नाही. आपल्याकडच्या बहुतेक संस्थांसाठी तीन वर्षांची सही ही तीन वर्षांचीच सही आहे. म्हणून खरेदीआधीची मोजदाद इथे अधिक कसोशीने व्हायला हवी.

हल्ली अशी साधनं निघाली आहेत की जी वापर पाहून करार स्वतःच विकत घेतात. शोध आणि मोजदाद यंत्रावर सोपवायला माझी मुळीच हरकत नाही. माणसाने हाताने ठेवलेली क्लाउडची यादी लिहून होते तोच जुनी होते. पण करारावर सही करणं यंत्रावर सोपवावं असं मला वाटत नाही. गेल्या तीन महिन्यांचा वापर यंत्राला दिसतो. पुढच्या वर्षी हा विभाग बंद होणार आहे, ही प्रणाली बदलायची ठरली आहे, हे त्याला दिसत नाही, ते बैठकीत बोललं गेलेलं असतं. आणि कराराच्या नोंदीत एक रकाना असा आहे जो कुठल्याही एपीआयच्या उत्तरात येत नाही. हा करार का घेतला आणि त्याला आज जबाबदार कोण? टॅग लावून तो भरता येतो, पण भरायचा माणसानेच. ज्या संस्थेत करारापुढे जिवंत माणसाचं नाव आणि एक वाक्याचं कारण लिहिलेलं असतं, तिथली इन्व्हेंटरी मी पूर्ण समजतो.

आता आपल्याविषयी. महाराष्ट्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउडचं धोरण जाहीर केलं. केंद्राचा मेघराज हा उपक्रम त्याच्याही आधीचा. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ च्या निर्देशांत बँकांना बाहेरून घेतलेल्या माहिती-तंत्रज्ञान सेवांची नोंद ठेवायला सांगितलं आहे. म्हणजे दिशा ठरलेली आहे. पण आपल्या सहकारी बँका, विद्यापीठं, महापालिका आणि धर्मादाय रुग्णालयं क्लाउड बहुधा थेट घेत नाहीत, मधल्या पुरवठादारामार्फत घेतात. अशा वेळी करार पुष्कळदा पुरवठादाराच्या मुख्य अकाउंटमध्ये घेतला जातो. संस्थेने आपल्या अकाउंटमधून कितीही विचारलं तरी तो तिथे दिसत नाही, कारण एपीआय फक्त त्या अकाउंटने घेतलेल्या करारांचं उत्तर देतं. पैसे संस्थेचे, वचन तिच्या नावाने दिलेलं, आणि ते वाचण्याचा अधिकार तिच्याकडे नाही. पुरवठादार प्रामाणिक असला तरी ही रचना चुकीची आहे आणि निविदेतल्या एका कलमाने ती सुधारता येते.

या सभागृहात अशा संस्थांचे विश्वस्त, संचालक आणि लेखापरीक्षक बसलेले आहेत. त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या निविदेत असं कलम घाला की संस्थेच्या वतीने घेतलेला प्रत्येक राखीव करार संस्थेला स्वतःच्या प्रोग्रामने, रोज, फक्त वाचण्यापुरता का होईना, पाहता आला पाहिजे. लेखापरीक्षणात डेडस्टॉकच्या पानांबरोबर या करारांचीही यादी मागा: किती आहेत, कोणत्या रीजनचे आहेत, गेल्या महिन्यात किती टक्के वापरले गेले, कधी संपतात आणि कोणाच्या नावावर आहेत. ज्यांच्याकडे ही यादी आज नाही त्यांनी तंत्रज्ञांना दोष न देता ती करायला वेळ द्यावा. मध्यम आकाराच्या संस्थेत हे काम दोन जाणती माणसं करू शकतात, आणि लागणारी बरीचशी साधनं विनामूल्य उपलब्ध आहेत. हा विषय कृपया आपल्या पुढच्याच सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्या.